ठसका

"पडदा राहू द्या साहेब, ऊन फार आहे," म्हणत टेकवड्यांनी माझ्या हातात चहा दिला. त्यांच्या नव्या घराची पाहणी करायला मला बँकेनं पाठवलं होतं. खिडक्या बसल्या असतील, तरच कर्जाचा पुढचा हप्ता सुटणार होता.

मी भिंती ठोकून पाहिल्या, छत निरखलं. टेकवड्यांची आई मला निरखत होती. "कसा टकामका बघतोय मेला आपल्या घराकडे!" ती सुनेला म्हणाली आणि तिनं माझ्यादेखतच मीठ-मिरच्या ओवाळून घमेल्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या तडतडल्या, धूर झाला, पण ठसका कुणालाच लागला नाही.

"बघा, केवढी दृष्ट लागलीय! एवढ्या मिरच्या जाळल्या, तरी ठसका नाही!"

सगळं घर माझ्याकडे रागानं बघू लागलं. घाबरून मी खोटाच खोकलो.

टेकवड्यांना पाहुण्याचा अपमान सहन होईना. "अगं आई, साहेबांना कशाला बोल लावतेस?" म्हणत त्यांनी खसकन पडदा ओढला. "आपण खिडक्याच बसवल्या नाहीत, तर धूर घरात कोंडेल कसा?"

चहाचा घोट माझ्या घशातच अडकला आणि मला जोरदार ठसका लागला.

"गेली एकदाची दृष्ट," आई म्हणाली.