फिन्टनची धून

रविवारी चर्च सुटलं की गावच्या पबमध्ये वादक गोल करून बसतात. चाळीस वर्षं घरीच वाजवल्यावर आज पहिल्यांदा मीही व्हायोलिन घेऊन त्यांच्यात बसले. ‘फिन्टनची धून’ सुरू झाली. ती मी एकोणिसाव्या वर्षी गाईंची धार काढताना रचली होती. तेव्हा बायकांनी पबमध्ये वाजवायचं नसे, म्हणून धाकट्या भावाला, फिन्टनला, शिकवली. शेवटची अवघड मुरकी त्याच्या बोटांना जमेना. ती गाळूनच त्याने बॉस्टनला जाऊन रेकॉर्ड काढली; धून त्याच्या नावाने गाजली आणि सगळे ती रेकॉर्ड ऐकूनच शिकले. आज मी मुरकी घेतली, तशी शेजारच्या पोरीने गज थांबवला. “आजी, चुकलात! फिन्टन असं वाजवायचा नाही.” “अगं, धून माझीच आहे.” “गावोगावी एक तरी आजी असंच म्हणते!” सगळे हसले. “पुन्हा घेऊ, जमेल तुम्हाला.” घरी भिंतींना ऐकवून मी कंटाळले होते. या खेपेला मी मुरकी गाळली. “आता कशी बरोबर आली!” पोरगी म्हणाली.