साहेबांचं 'बघतो'

शप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी चहात पडो!

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीला जुन्या ईमेल साठवायला नवी यंत्रणा घ्यायची होती. विकणाऱ्या बाईंनी गिरणीचे मॅनेजर चौगुले साहेबांसमोर दोन मांडल्या. पहिली यंत्रणा मेल जशीच्या तशी साठवायची. दुसरी लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते साठवायची.

"एखादी मेल शोधून दाखवा की," साहेब म्हणाले.

"माझ्या बदलीची शोधा," कारकून रेवती हुपरे मागून बोलली. तिची दोन वर्षांची लेक बार्शीला सासूकडे होती, आणि तिथल्या शाखेत जागा रिकामी होती.

पहिलीनं साहेबांचं उत्तर दाखवलं, 'बघतो.'

"बघा, लगेच सापडलं!" साहेब खूश.

दुसरी साहेबांच्याच आवाजात बोलली, "ही गेली तर हिचं काम माझ्या गळ्यात पडंल. नाही सोडत."

हिशेबनीस पाटणकर फिस्सकन हसले. "साहेब, माझ्या रजेलाही 'बघतो'च आलंय हो!"

"पहिलीच घेऊ या," साहेब घाईनं म्हणाले.

"आणि माझी बदली?" रेवतीनं विचारलं.

"बघ..." म्हणता म्हणता साहेबांची नजर दुसऱ्या यंत्रणेच्या पडद्यावर गेली. तो अजून चालूच होता. "सोमवारपासून बार्शीला जावा."

गिरणीनं पहिली यंत्रणा घेतली आणि रेवती लेकीकडे गेली. निघताना साहेबांनी तिची माफी मागितली.

बरं बाई, माफीचं तेवढं मी पदरचं घातलं.