चढवणाऱ्याचं नाव

"काका, दोन्ही फुकटच आहेत ना? मग घोळ कसला घालताय? एकीवर बोट ठेवा आणि मोकळे व्हा. चार वाजता वर कळवायचंय." मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

नकाशा खात्यातल्या काकांसमोर दोन संगणक होते. दोन्हींवर दोन वेगळ्या मुक्तस्रोत प्रणाली. खात्यातले सगळे नकाशे यांतल्या एकीत जायचे होते, म्हणजे पाचही शाखांना ते जागच्या जागी उघडता आले असते. आठवडाभर काका एकच नकाशा दोन्हींकडे मागत होते आणि घड्याळ लावून बसत होते.

पहिली तीन सेकंदांत नकाशा काढून द्यायची. दुसरी पाऊण मिनिट घुटमळायची, कधी मध्येच फतकल मारायची. पण दुसरीत प्रत्येक नकाशाखाली तो मुळात संगणकावर कुणी चढवला त्याचं नाव राहायचं. पहिली जुनी नावं पुसायची, आणि ज्याच्या हातून नकाशे आत आले त्याचंच नाव सगळ्यांखाली लावायची.

जुने अकरा हजार नकाशे काकांच्या बायकोने चढवले होते. याच खोलीत, ऑफिस सुटल्यावर थांबून, एकेक घडी तळहाताने सपाट करत. ती गेली त्याला सहा महिने झाले होते.

मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "दुसरी लिहा काका. मी सही करते. कुणी विचारायला येत नाही."

काकांनी नकाशे द्यायच्या खिडकीकडे पाहिलं. रांगेत एक म्हातारा या पायावरून त्या पायावर होत उभा होता. ती असती तर फटकन म्हणाली असती, "अहो, माणूस ताटकळतोय तिकडे, आणि तुम्ही नाव काय कुरवाळत बसलात!"

त्यांनी अहवालात पहिलीचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी सगळे नकाशे आत घातले. पलीकडच्या टेबलावर परवाच बदलून आलेला कारकून होता. त्याने यादी उघडली, खाली खाली नेली, सगळीकडे काकांचंच नाव पाहिलं आणि हसायलाच लागला.

"काय हो काका, अकरा हजार! एकट्याने? घरी कुणी वाट बघणारं नव्हतं की काय?"

"होता की एक," काका म्हणाले. "रोज चहा गार करून बसायचा."