रानडुक्कर

नेपल्सच्या नाट्यगृहात बायकी उंच आवाजात गाऊन राण्यांना रडवणारा ओरोंझो बापाच्या शेवटच्या दुखण्यात गावी परतला. लहानपणी रानडुकराने जांघेत चावा घेतल्यामुळे तो पुरुष झाला नाही आणि त्याचा आवाज कधी फुटला नाही, असं गाव चाळीस वर्षं मानत आलं होतं. म्हाताऱ्याने पाद्रीबाबांना बाहेर बसवलं आणि मुलाचा हात धरला. "लेका, डुक्कर नव्हतंच. तुझा गळा गोड, तो तसाच राहावा म्हणून मीच तुला न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली दिलं. घरात सहा तोंडं होती." ओरोंझोला वस्तऱ्याआधी पाजलेला अफूचा कडू घोट आठवत होता, दाराबाहेरचा बापाचा खोकलाही. त्याने बापाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "बाबा, तापात काहीतरी बरळताय. डुक्करच होतं. तुम्ही काठी घेऊन त्याच्यामागे ओढ्यापर्यंत धावलात."  म्हातारा हळूच म्हणाला, "खरंच धावलो होतो का रे मी?" "धावलात की. अनवाणी."