वाकडी वेल

“दाबू नका हो विमलाताई, नुसतं टेकवा!”

चंदूशेठ ओरडेपर्यंत शिंपल्यावरची वेल वाकडी झाली होती. विमलानं दांडी उचलली. पेनासारखी दांडी, तिची वायर टेबलावरच्या पेटीत गेलेली. तिचं टोक म्हणे इतकं भरभर थरथरतं की त्याचा आवाज माणसाच्या कानाला येतच नाही.

“गपचूप काम करतं ना? आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं,” शेजारच्या स्टुलावरून मालन म्हणाली.

विमला हसली नाही. सकाळपासून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. अंघोळ, तुळशीला पाणी, मग अंधेरीच्या या गाळ्यात येऊन कोरणी कपाळाला लावायची आणि पहिली रेघ देवाचं नाव घेऊन ओढायची. सोयरसुतक सोडलं तर हा नेम कधी मोडला नव्हता. वडिलांनी कोरणी हातात देताना एकच सांगितलं होतं, “रेघ चुकेल तर चुको. मुद्दाम चुकवायची नाही. देवाचं नाव घेतलेलं असतं.”

आणि आज शेठनं तीच कोरणी बाजूला सारून हे वायरीचं भूत तिच्या हातात दिलं होतं. “वापरून बघायला आणलंय. जमलं तर एकीच्यानं सगळं काम होईल.” ती एक कोण, हे त्यानं सांगितलं नाही. मालन तरणीताठी, विमलाला जाड चष्मा. सांगायची गरजच नव्हती.

विमलानं दुसरा शिंपला घेतला, आपली कोरणी उचलली आणि तीच वेल हातानं काढली. एका दमात. हात कुठे थांबला, कुठे वळला, शोधून सापडू नये अशी. दोन्ही शिंपले तिनं शेठसमोर शेजारी शेजारी ठेवले.

“आता तुम्हीच बघा.”

“मी कशाला? बाईच बघतील.”

बाई म्हणजे सुलक्षणाबाई. कुलाब्याच्या एका मोठ्या दुकानाची खरेदी त्या करत. दुपारी आल्या, गॉगल डोक्यावर सरकवला, आणि शेठ काही बोलायच्या आत त्यांनी वाकडा शिंपला उचलून उजेडात धरला.

“अय्या, याला म्हणतात हातकाम! रेघेत कशी थरथर आहे बघा. माणूस दिसतो यात.” मग त्यांनी दुसरा घेतला. “आणि हे मशीनचं ना? लगेच कळतं. अगदी मेलेलं. असलं मला नको हं, चंद्रप्रकाश.” विमलाच्या हातचा शिंपला त्यांनी ट्रेमध्ये पालथा घातला.

विमलानं शेठकडे पाहिलं. दोन्ही वेली त्याच्या डोळ्यांदेखत उमटल्या होत्या. आता सांगेल. आता तरी सांगेल.

शेठनं मान डोलावली. “बरोबर ओळखलंत, मॅडम. हाताचंच आहे ते.”

“मग अशाच करा. अगदी अशाच. दिवाळीसाठी हव्यात.”

बाई गेल्या. शेठनं टाळीच वाजवली. “सुटलात की हो विमलाताई! हातकामच पाहिजे म्हणतात. मशीन उद्याच परत पाठवतो. तुमची कोरणी तुम्हाला लखलाभ. फक्त वेल जरा अशी काढा. वाकडी.”

“मुद्दाम?”

“त्यात काय एवढं? हात थोडा हलवायचा. तुम्हाला काय अवघड आहे?”

“घ्या!” मालन म्हणाली. “नीट केलं तर मशीन, बिघडवलं तर कलाकार!”

विमलाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पण आवाज चढवणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं ट्रेमधला आपला शिंपला सुलटा केला आणि पदरानं पुसला. मग कोरणी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

शेठचा चेहरा उतरला. “अहो, चाललात कुठे? काम तर मिळालं ना?”

विमला स्टुलावर बसली. पेटीचं बटण दाबलं, दांडी हातात घेतली.

“मशीन परत पाठवू नका, शेठ. याच्यावर माझा हात अजून बसलेला नाही, म्हणून वेल वाकडी येते. ती खरीखुरी चूक आहे. कोरणीनं वाकडी काढायला लावाल, तर ते माझ्याच्यानं होणार नाही. हाताचं म्हणून तुम्ही सांगितलंत, ते तुमचं तुम्ही निस्तरा.”

तिनं नवा शिंपला पुढे ओढला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि टोक टेकवलं. या खेपेला दाबलं नाही.

“आणि बाईंना म्हणावं, दिवाळीची वाट बघू नका, माल लवकर उचला. माझा हात बसायला फार दिवस लागत नाहीत.”