रिकाम्या बोटीचा पंखा

साहेब, बोटीच्या इंजिनाचा पंखा तुम्ही बदललात. बोट रिकामी होती, तुम्ही एकटेच ऐटीत पुढे बसला होतात आणि ती सुसाट सुटली म्हणून खूश झालात. पुरात तिच्यात माणसं भरायची असतात, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. आता या शेडमध्ये काय चाललंय ते बघा.

तुमच्या ऑफिसचा भांडारी पोत्यात गुंडाळून जुना पंखा घेऊन आलाय. रुंद पात्यांचा, कानशीने कडा घासलेला.

"साहेब म्हणाले, आजच बसव. उद्या चौकशी आहे."

"हाच मागत होतो ना मी?" बोट चालवणारा म्हणतो. "नवा पंखा भरली बोट ओढत नाही, सांगून सांगून घसा कोरडा पडला. तेव्हा हा भंगार होता."

"माझ्यावर कशाला डाफरतोस? मी सांगकाम्या."

कोपऱ्यात उलट्या बादलीवर बोट चालवणाऱ्याची वहिनी बसली आहे. परवा तिचा नवरा या धाकट्या भावाच्या मदतीला बोटीत गेला होता. भरली बोट धारेत अडकली. इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. मध्ये खडक लागला तसा थोरला त्यावर उतरला. हलकी झालेली बोट काठाला लागली. धाकटा परत फिरला तेव्हा खडक पाण्याखाली गेला होता.

"भाऊजी, हा बसवलात तर उद्या चौकशीत बोट नीटच दिसेल, चूक कुणाची ठरेल?"

"माझी."

"मग?"

"पलीकडे अजून माणसं आहेत, वहिनी."

तो पात्याला लाकडाचा ठोकळा लावतो. पिन सरळ करून ओढतो, नट सोडतो, नवा पंखा उतरवून खाली ठेवतो. दांड्याला जाळ्याचा दोरा गुंडाळला गेलाय, तो नखाने सोडवतो. ग्रीस लावतो. जुना पंखा चढवतो, नट आवळतो, नवी पिन घालून तिची टोकं वाकवतो. हात कुठे चुकत नाही.

"उतरताना हे काय म्हणाले?"

त्याचा पाना थांबतो. "म्हणाला, मीच उतरतो. तुझी वहिनी रोज ओरडते, वजन फार वाढलंय."

ती हसते.

भांडारी नव्या पंख्यासाठी वाकतो. तिने तो आधीच मांडीवर घेतलाय.

"ताई, द्या तो. ऑफिसचा माल आहे."

"उद्या ऑफिसातच आणते. तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवते."

"आणि काय सांगू त्यांना?"

ती चकचकीत पात्यावरून बोट फिरवते. एक ओरखडा नाही.

"सांगा, एकच विचारणार आहे. हा लावला तेव्हा बोटीत किती माणसं बसवून बघितली होती? तेवढं बोला."