हात नोको लावू

"पिंकी, हा अँटिव्हायरस तुझ्या मराठीच्या सॉफ्टवेअरलेच व्हायरस समजून राह्यला," कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला आकिब पडद्यासमोरून न हलता म्हणाला. "कॉपी मारलेलं आहे ना ते. तू टाकशीन आन हा खाऊन टाकीन. दोघांतलं एकच ठेव."

मूल गावात घरबसल्या लग्नपत्रिका टाइप करून देणं हा पिंकीचा धंदा. लगीनसराई तोंडावर आलेली, आणि मराठी लिहायला जावं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. तिनं दाराकडे पाहिलं. दारात तिची माय, बायनाबाई, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"हा काढला त याच्यातलं सगळंच जाईन ना?" पिंकीनं हळूच विचारलं.

"मुळासकट."

"मंग काढ."

कॉम्प्युटर मिथुनचा, पिंकीच्या भावाचा. व्हायरस सापडला की अँटिव्हायरस घंटी वाजवायचा. बायनाबाई ओल्या फडक्यानं कॉम्प्युटर पुसायची आणि पुसता पुसता नको ते दाबून ठेवायची, म्हणून मिथुनला गंमत सुचली. घंटीच्या जागी त्यानं आपलाच आवाज भरला. मग व्हायरस निघाला रे निघाला की कॉम्प्युटर म्हणायचा, "माय, हात नोको लावू. मी येऊन राह्यलो." घरभर हसू व्हायचं. पुढं एक दिवस चंद्रपूरच्या रस्त्यावर ट्रकनं मिथुनला उडवलं. त्यानंतर तो आवाज सगळ्यांसमोर एकदाच निघाला, ऐन जेवणाच्या वेळी. बाप लहानू भरल्या ताटावरून उठला आणि हात न धुताच धानाच्या गिरणीवर निघून गेला. पिंकीनं स्पीकर बंद केला तो कायमचा. पुन्हा त्या आवाजाचं घरात कुणी नाव काढलं नाही.

बायनाबाईनंही काढलं नाही. तिनं फक्त स्पीकरचं बटण कुठं असतं ते पाहून ठेवलं.

एका गिऱ्हाइकाची निळी फ्लॉपी घरात पडून होती. "ही किडली माय, फेकून दे," असं म्हणून मिथुननंच ती तिच्या हातात दिली होती. पोरानं हातात दिलेली वस्तू, ती काय फेकते! पोरगा गेल्यावर एका दुपारी तिनं बटण फिरवून ती सहज आत सारली, आणि पोरगा बोलला. तेव्हापासून पिंकी बाहेर पडली की बायनाबाई बटण फिरवायची, फ्लॉपी सारायची आणि ऐकायची. पोरगा त्या फ्लॉपीत आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. भीमजयंतीच्या गाण्यांच्या कॅसेटी तिनं जन्मभर वाजवल्या होत्या. आत जे घालावं तेच वाजतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"झालं," आकिब म्हणाला. "आता याले राखाले कोणी नाई, बरं का. मावशी, घरात जुन्या फ्लॉप्या असतीन त द्या, मी फेकून देतो. एकीतही कीड राह्यली त सगळं खतम."

"कायच्या फ्लॉप्या, बाप्पा," बायनाबाई तांदळातून नजर न काढता म्हणाली. "मले काय समजते त्यातलं."

फ्लॉपी सुपाखाली तिच्या मांडीवर होती. आकिबची गाडी दारात थांबली तेव्हाच तिनं ती तांदळाच्या डब्यातून काढून घेतली होती. त्यांना काय काढायचं ते काढू द्या, आपला पोरगा आपण वाचवला, असं तिला वाटलं. किती दिवसांनी तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

पिंकीनं एक पत्रिका टाइप करून पाहिली. अक्षरं सरळ उमटली. तीही पुष्कळ दिवसांनी हसली आणि गिऱ्हाइकाला निरोप द्यायला आकिबच्याच गाडीवर बसून बाजारात गेली. कॉम्प्युटर तसाच चालू राहिला.

गाडीचा आवाज वळणावर विरला तशी बायनाबाई उठली. पदरानं हात पुसले, स्पीकरचं बटण फिरवलं, फ्लॉपी आत सारली. आतून ओळखीची करकर आली. हिरवा दिवा लागला आणि विझला.

ती थांबली.

फ्लॉपी काढून तिनं फुंकली, पदराला पुसली, पुन्हा सारली. करकर झाली, दिवा लागला, विझला. बटण आणखी फिरवलं. स्पीकरमधून नुसती घरघर येत राहिली. तिनं कान स्पीकरला लावला. घरघरीच्या मागं कुणी नव्हतं.

"मिथुन," ती म्हणाली. "कोनी नाई घरी. बोल."

खुर्ची ओढून ती पडद्यासमोर बसली. पडद्यावर पत्रिका होती, कुणाच्या तरी पोराच्या लग्नाची. तिला एकच गोष्ट आठवली, जी करू नको म्हणून तो तिला नेहमी सांगायचा. तिनं पुसूनही तांदळाच्या भुकटीनं पांढरट राहिलेला हात पसरला आणि सगळाच्या सगळा कीबोर्डवर ठेवून दाबला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "लावला मी हात."

नवरदेवाच्या नावापुढं मराठी अक्षरं धावू लागली, ओळीमागून ओळ, पान भरून खाली. तिनं हात उचलला नाही.